शेवटच्या फवाऱ्याचं पाणी

बोरखडीत मालनबाईंच्या हातात पाण्याचा तांब्या देणं जोखमीचं काम आहे. बाई आधी तांब्या नाकाशी नेतात, मग उजेडाकडं धरतात, मग तुमच्याकडं अशा बघतात की आपण नेमका काय गुन्हा केलाय हेच तुम्हाला आठवेनासं होतं. एवढं करून पाणी प्यायल्या तर तुमचं नशीब थोर. नाही प्यायल्या तर दिवस मावळायच्या आत अख्ख्या आळीला कळतं की अमक्याच्या माठाला आतून बुळबुळ आलीय. आणि हे सगळं बाई हसत हसत करतात. हसणं त्यांच्या अंगातच आहे. साठी ओलांडली तरी एकदा सुरू झालं की पदर तोंडात कोंबूनही थांबत नाही. मयताला गेल्या तरी त्यांचे मालक सूर्यभानराव त्यांना कोपरानं ढोसत असतात.

पुतण्याचं, हर्षलचं, लग्न घोडेगावला होतं. ऐन पंगतीत बाईंनी काखेतली निळी पेटी उघडली, जारचं पाणी काचेच्या नळीत घेतलं, त्यात औषधाचे थेंब टाकले आणि नळी पांढरीफट्ट राहिलेली बघून जाहीर केलं की हे पाणी नापास. वऱ्हाड जेवणभर सोड्याच्या बाटल्यांवर राहिलं आणि ढेकरांच्या आवाजात बँडवाला ऐकू येईना. व्याही अजूनही मालनबाई दारात दिसल्या की आधी घागर झाकतात, मग या म्हणतात.

ती निळी पेटी सरकारी. गावोगावच्या बायकांना तालुक्याला बोलावून पाणी तपासायला शिकवलं, तेव्हा बोरखडीच्या पाचजणी गेल्या होत्या. चौघींना चहा आवडला, मालनबाईंना पेटी आवडली. तपासणी म्हणाल तर सोपी. पाणी शुद्ध करायला टाकीत टीसीएल नावाची पांढरी पावडर घालतात. तिचा गुण पाण्यात शिल्लक आहे का, हे नळीत थेंब टाकले की कळतं. पाणी पिवळं झालं की पास. नाही झालं की नापास. पण बाईंचा एक हट्ट होता. नमुना टाकीपाशी घ्यायचा नाही, शेवटच्या नळाला घ्यायचा. टाकीपाशी काय, सगळ्यांचंच पाणी चांगलं असतं. वाटेत फुटक्या पाइपातून काय काय शिरलं ते शेवटच्या घरी कळतं. बोरखडीचं शेवटचं घर म्हणजे मळ्यातल्या लंकाबाईचं. ही मालनबाईंची जुनी मैत्रीण, जिभेनं तिखट आणि देवाधर्माची पक्की. तिच्या दारचा नमुना घ्यायला बाई उन्हातान्हात चालत जायच्या, आणि मग दोघींच्या गप्पा अशा रंगायच्या की सूर्यभानरावांना भाकरी स्वतःच थापायला लागायची.

आता बाईंच्या मनातली एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. बाईंचं माहेर पारनेरकडचं, त्या काळी कोरडंठाक. परकरात होत्या तेव्हापासून डोक्यावर हंडा. एकदा विहिरीवरून येताना काय लहर आली कोण जाणे, पोरीनं भरला हंडा स्वतःच्याच डोक्यावर ओतून घेतला आणि ओल्या अंगानं रस्त्यात गिरकी घेतली. आईनं अशी हाणली की सगळ्या वाडीला आवाज गेला. आईचंही खरंच होतं, त्या हंड्यात रातचा सैपाक होता. पण ती गिरकी बाईंच्या अंगात राहून गेली. पुढं सासरी बोरखडीत आल्या, इथं कालवा होता, मग दारात नळ आला, पाणी आलं. पण कारणाशिवाय भिजायचं काही जमलं नाही. बाई भिजल्या त्या धुण्यानं, घामानं, नाहीतर पावसात जळण झाकायला धावताना.

अशात गावाला स्वच्छतेच्या स्पर्धेत बक्षीस लागलं. जुनी मंडळी म्हणाली, वेशीवर कमान उभारू. सरपंच स्नेहल तिशीच्या आतली, मालनबाईंच्याच भावकीतली सून. तिनं ग्रामसभेत मोबाईल पुढं केला. पुण्यातल्या कुठल्याशा बागेचा व्हिडिओ होता. सपाट फरशी, फरशीतून फवारे उसळतायत, पोरं त्यातून किंचाळत पळतायत. तळं नाही, खोली नाही, बुडायची भीती नाही. पाणी फरशीवर पडतं, जाळीतून खालच्या टाकीत जातं, तिथं गाळलं जातं आणि पुन्हा वर उडतं. कमानीखालून पुढारी जातात, यातून आपली पोरं जातील, एवढंच स्नेहल म्हणाली. त्यावर खिडकीत लटकलेल्या पोरांनी असा गिल्ला केला की कमान तिथंच बारगळली.

मालनबाईंनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. यात बाया कुठं असतात, असं त्यांनी विचारलं. स्नेहल म्हणाली, बाया काठाला बसतात, पोरांचे कपडे धरून. बाईंनी नाक मुरडलं. घरी आल्यावर मात्र सूर्यभानरावांना सांगून टाकलं:

"पयली मी भिजनार. सगळ्या गावाच्या आदी."

सूर्यभानराव बोलायला महाग माणूस. ते म्हणाले, "बघू."

गावचा पाणीवाला वैजनाथ गवंड्यांबरोबर राबला आणि शाळेजवळच्या माळावर फवारे उभे राहिले. मधोमध एक मोठी पत्र्याची छत्री, तिच्या काठावरून चहूबाजूंनी पाण्याची झालर पडणार, आणि भोवती कडी करून फरशीतले फवारे. वैजनाथनं पाइप असा फिरवत नेला होता की आधी कडेचे फवारे, मग आतले, आणि सगळ्यात शेवटचं तोंड त्या छत्रीत. एकच पाणी फिरत राहणार आणि त्यात गावभरच्या पोरांचे पाय, नाकं आणि आणखी काय काय असणार, म्हणून स्नेहलनं ठरावच केला: मालनबाई पास म्हणतील तेव्हाच पोरांनी आत पाय टाकायचा. मागं एका जत्रेनंतर गावात जुलाब-उलट्यांची साथ आली होती, तेव्हा दवाखान्यात एकेका खाटेवर दोन दोन पोरं निजवली होती. ते कुणी विसरलं नव्हतं. ठरावाला सगळ्यांनी हात वर केले, लंकाबाईनं तर दोन्ही.

उद्घाटन वैशाखात ठेवलं. तालुक्याचे एक साहेब फीत कापायला येणार होते. त्या दिवशी सकाळीच बाईंनी पाणी तपासलं, नळीत छान पिवळा रंग आला, आणि तिथून बाईंचे पाय जमिनीला लागेनात. घरी जाऊन त्यांनी लेकीनं दिलेलं, अजून घडी न मोडलेलं पोपटी लुगडं नेसलं. सूर्यभानराव म्हणाले, हे भिजलं तर रंग जाईल. बाई म्हणाल्या, जाऊ दे.

आता बोरखडीची रीत अशी की नव्या पाण्याला हळदीकुंकू लागतं. बोअरला पाणी लागू दे, कालव्याला आवर्तन येऊ दे, आधी हळदीकुंकू, मग उपसा. सरकारी कार्यक्रमपत्रिकेत ते नव्हतं. पण मालनबाईंचं मन काही राहिना. वैजनाथकडून टाकीचं झाकण उघडून घेतलं आणि घरच्या हळदीची चांगली मूठभर चिमूट पाण्यात सोडली, वर कुंकू, वर झेंडूची फुलं. लंकाबाई मागंच उभी होती. ती म्हणाली, नुसतं हळदीकुंकू का, आपलं पाणी काही कमी मानाचं नाही. तिनं पितळेच्या गडव्यातून पंचामृत आणलंच होतं: दूध, दही, तूप, मध, साखर, काही म्हणून कमी नाही. ते गेलं. मग काय, पाण्याची बाईच टाकतेय म्हटल्यावर टाकायला चालतं असा सगळ्यांचा समज झाला. गावातल्या बाया रांगेनं येऊन गेल्या. कुणाची हळद, कुणाचं दूध, कुणी खडीसाखर, कुणी तर आदल्या दिवशीच्या पूजेचा शिरासुद्धा.

साहेब यायच्या वेळेला स्नेहल म्हणाली, काकू, शेवटची तपासणी उरका. माळावर ही गर्दी. पोरं चड्डीवर उभी, एका पायावरून दुसऱ्या पायावर. ताशा वाजत होता. बाईंना हसू आवरत नव्हतं, आणि कुणी काही बोललं की त्या आणखी हसत होत्या. शेवटच्या तोंडापाशी जायचं तर पंप सुरू करायला हवा, आणि पंप तर फीत कापल्यावर सुरू होणार. तेव्हा आजच्या दिवस चालतंय, म्हणून बाईंनी टाकीतच नळी बुडवली, उन्हाकडं धरली. पिवळी. अशी पिवळी की बघत राहावं. बाईंनी नळी डोक्यावर नाचवली आणि ओरडल्या, "पास!" स्नेहलनं ते लाऊडस्पीकरवर सांगितलं, ताशेवाल्यानं एक जोरदार आवर्तन घेतलं आणि पोरांनी टोप्या उडवल्या.

नळी ठेवायला बाईंनी कमरेला खोचलेला ओचा सोडला, तर त्यात औषधाची बाटली. बूच तसंच लावलेलं.

बाईंचं हसू जिथल्या तिथं राहिलं. थेंब टाकलेच नव्हते. थेंब न टाकता पाणी पिवळं झालं होतं. त्यांनी हळूच, गर्दीकडं पाठ करून, दुसऱ्या नळीत सकाळी थेंब न टाकता काढून ठेवलेलं, पूजेच्या आधीचं पाणी बघितलं: ते स्वच्छ, बिनरंगाचं. मग ही पिवळाई कुणाची, ते सांगायला शहाण्याची गरज नव्हती. आणि ज्या पाण्यात एवढं दूध-दही पडलं, त्यातली पावडर त्या दूध-दह्याशी झटण्यातच संपलेली असणार. हे बाईंनीच चार गावांत बोटं नाचवून शिकवलं होतं.

कुणाला काही कळलं नव्हतं. बाटलीचं बूच फक्त बाईंना ठाऊक होतं. पोरं फितीला खेटून उभी होती. आत्ता गप्प बसलं तर वैजनाथ बटण दाबेल, आणि घटकाभरात आपण छत्रीखाली असू, पोपटी लुगड्यासकट. बोललं तर पाणी उपसायला लागेल, कार्यक्रम फिसकटेल, आणि गावच्या तोंडी जन्मभर एक गोष्ट राहील. बाईंनी एकदा छत्रीकडं बघितलं. मग पोरांकडं. यातली निम्मी पोरं फवाऱ्याखाली तोंड उघडून उभी राहणार, हे सांगायला ज्योतिषी नको. बाईंना राग आला, तो स्वतःचाच. सूर्यभानराव लांबून त्यांच्या तोंडाकडं बघत होते. त्यांनी नुसती मान हलवली, म्हणजे जे काय असेल ते उरकून टाक.

बाईंनी स्नेहलच्या हातून माईक घेतला.

"पानी नापास हाय. मी औषद टाकायच्या आदीच पास म्हनले. पिवळं दिसलं ती हळद हुती, आन पयली मूठ माजीच हुती. पोरांनू, माजं चुकलं."

मग लंकाबाई पुढं आली आणि म्हणाली की पंचामृतानं कधी कुणाला काही झालंय का, देवाला चालतं ते पोरांना का चालू नये. मालनबाई म्हणाल्या, "देवाला पोट न्हाई गं लंके, पोरांना हाय." यावर पहिलं हसू फुटलं ते खुद्द लंकाबाईला. राग धरणं तिला जमत नाही, तेवढाच तिच्यात दोष.

इकडं वैजनाथला वाटलं, पावडर कमी पडलीय ना, मग घालू की. कुणाला न विचारता त्यानं घमेलंभर टीसीएल कालवलं आणि टाकीत ओतलं. त्या पावडरीत चुन्याचा अंश, आणि खाली हळदीचे गोळे. आता हळद आणि चुना एकत्र आले की काय होतं, हे आपल्या आया-आज्यांना सांगायला नको. पाणी बघता बघता लालनारिंगी झालं. वैजनाथ दोन पावलं मागं सरकला. लंकाबाई टाकीत वाकून बघत म्हणाली की घ्या, पाण्यानं स्वतःचं कुंकू स्वतःच लावलं, आता सवाष्ण झाली टाकी, ओटी भरा. मग मात्र माळावर कुणाचा कुणाला ताळतंत्र राहिला नाही. ताशेवाला पोट धरून खाली बसला. मालनबाई डोळे पुसत होत्या, रडून की हसून ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

टाकी उपसायची ठरली. ते पाणी झाडांना घालून चालणार नव्हतं, म्हणून वैजनाथनं पाइप रस्त्याकडं वळवला, तेवढाच फुफाटा बसेल. रस्ता लालनारिंगी होऊन चमकायला लागला आणि तेवढ्यात त्यावरूनच साहेबांची गाडी आली. साहेब उतरले, रस्ता बघून गहिवरले. इतका सुंदर सडा आपल्यासाठी कुठल्याच गावानं घातला नव्हता, असं म्हणाले. स्नेहल सरपंच झाली ती काही उगाच नाही. ती लगेच म्हणाली की साहेब, बायांनी मनापासून हळदीकुंकवाचं पाणी घातलंय. यात खोटं एक अक्षर नव्हतं. साहेबांनी कोरड्या फरशीसमोर फीत कापली, पाण्याचं महत्त्व या विषयावर भरपूर बोलले, फवाऱ्याचा एक थेंबही न बघता भेळ खाल्ली आणि पुढच्या कार्यक्रमाला गेले. त्यांच्यामागं माळाला मोकळं मोकळं वाटलं.

मग बोरखडी कामाला लागली. बायांनी टाकीत उतरून झेंडू, शिरा आणि खडीसाखर वेचून काढली, तळ घासला. ज्यांच्याकडं पाण्याचे टँकर होते त्यांनी ट्रॅक्टरला जोडून आणले, काष्टीच्या बैलबाजारातून परतणारा एकजण बैल गोठ्यात बांधायच्या आधी टँकर घेऊन आला. पोरं प्रत्येक टँकरला टाळ्या वाजवत होती. पाणी भरलं, वैजनाथनं या वेळी मालनबाईंना विचारून, मोजून पावडर घातली, आणि ती मुरायला सगळे बसून राहिले. ऊन कललं तरी एकजण घरी गेला नाही.

शेवटी बाई उठल्या. हातात नळी, दुसऱ्या हातात बाटली, बूच काढून दातात धरलेलं, म्हणजे पुन्हा विसरायला नको. वैजनाथ म्हणाला, काकू, टाकीतनंच घ्या की नमुना, उशीर झालाय. बाईंनी बूच तोंडातून काढलं.

"एकदा टाकीपाशी घेतलं ते बास झालं. शेवटच्या नळाचं घेनार. चालू कर पंप."

शेवटचा नळ कुठं होता, हे तोवर कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. वैजनाथच्या आलं आणि तो दात काढायला लागला. त्यानं बटण दाबलं. कडेचे फवारे उसळले, मग आतले, आणि मधल्या छत्रीवरून झालर कोसळली. पोरं एका जागी थरथरत उभी, कारण पास म्हटल्याशिवाय पाय टाकायचा नाही हा ठराव होता. आणि मालनबाई एकट्याच, पोपटी लुगड्याचा काष्टा सावरत, सरळ फवाऱ्यांतून चालत निघाल्या. पहिल्या फवाऱ्यानं पदर भिजवला, दुसऱ्यानं चष्मा. छत्रीखाली पोचल्या तेव्हा अंगावर कोरडा धागा उरला नव्हता. आयुष्यभर ज्या डोक्यानं पाणी वाहिलं, त्या डोक्यावर पाणी येऊन पडत होतं, आणि मध्ये हंडा नव्हता. बाईंनी नळी भरली, थेंब टाकले, उन्हाकडं धरली. रंग आला, जेवढा यायला हवा तेवढा, पिवळा.

काठावरून स्नेहलनं हाक मारून विचारलं, झालं का पास. पोरांचा एक एक पाय हवेत होता.

बाईंनी नळीतलं पाणी ओतून दिलं. तोंडभर पाणी, डोळ्यांत पाणी, आणि त्या ओरडल्या की एका नमुन्यावर भरवसा नाही, आजच बघितलंत ना, आणखी एक घ्यायला लागेल. आणि नळी उंच धरून त्यांनी तिथल्या तिथं एक गिरकी घेतली. लुगडं जड झालेलं, गुडघे कुरकुरणारे, त्यामुळं गिरकी अर्धीच झाली. म्हणून त्यांनी आणखी एक घेतली.

माळावरच्या बाया बघतच राहिल्या. लंकाबाईच्या तोंडाचा आ तसाच होता. तेव्हा सूर्यभानरावांनी टोपी काढून खांबाला अडकवली, वहाणा काढून नीट जोडीनं ठेवल्या आणि कुणाकडं न बघता फवाऱ्यांत शिरले. भिजून चिंब होत ते छत्रीखाली पोचले आणि त्यांनी हात पुढं केला.

"आन इकडं. आता मी धरतो नळी."

बाईंनी नळी त्यांच्या हातात दिली आणि दोन्ही हात मोकळे झाले म्हटल्यावर काय करू नि काय नको असं झालं. त्यांनी पोरांकडं हात करून एकदाच "या!" म्हटलं. पोरं घुसली, त्यांच्यामागं लंकाबाई गडवा घेऊन घुसली, मीही नमुना घेते म्हणत, मग कपडे धरून बसलेल्या बायांनी कपडे काठावर टाकले आणि त्याही घुसल्या. दिवस मावळेपर्यंत बोरखडीच्या बाया नमुनेच घेत होत्या. सगळे पास झाले.